जैबुन्निसाचा जबडा

११ जानेवारी १९०९, जुन्नर
जैबुन्निसा बांगडीवालीचा जबडा कापायचं ठरलं! तपासणीला आलेल्या पुण्याच्या साहेबांनी तिच्या गालावरची गाठ दोनदा दाबली — लाकडासारखी टणक. म्हणाले, "कर्करोग. अर्धा जबडा काढावा लागेल. पुढच्या महिन्यात पुण्याला पाठवा." मी दवाखान्याचा नुसता असिस्टंट. मान डोलावली.
ती मात्र साहेबांची पाठ वळताच मला म्हणाली, "सावळाराम डाक्टर, तोंड हेच माझं दुकान हाय. साहेबाला म्हनावं, दुसऱ्याचं मोड!"

१२ जानेवारी
गाठीच्या आत कुणी पाहिलंय कुठं? कपाटात दोन वर्षं धूळ खात पडलेला सूक्ष्मदर्शक काढला. तिची परवानगी घेऊन गाठीतून शेंगदाण्याएवढा तुकडा काढला. ती कळवळली, पण गप्प बसेल तर शपथ! "बेतानं घ्या, मी वजनावर इकत न्हाई!" तुकडा घट्ट व्हायला स्पिरिटात टाकला.

१४ जानेवारी
स्पिरिट गायब! बाटलीत तुकडा सुकून खारीक झालेला, आणि शिपाई गेणभाऊ बाकावर गात बसलेला. बाटलीत काय होतं ते सांगितलं. गाणं थांबलं. मागच्या दारानं पळाला.

१६ जानेवारी
तिची माफी मागून पुन्हा चीर दिली. या खेपेला गाठीच्या मऊ कडेला. पू आला. पुसायला गेलो नि हात थांबला — पुवात राजगिऱ्यासारखे पिवळे दाणे! कर्करोगात हे कुठून? दाणे वेगळे ठेवले. तुकडा नव्या स्पिरिटात, कपाटाला कुलूप.
गेणभाऊ म्हणाला, "कुलूप कशाला, राव? मी आता पानीबी वास घिऊन पितो."

२० जानेवारी
पातळ काप निघेना. बोटांत धरला की तुकडा चेंगरतो. शेवटी गाजराला खाच पाडून त्यात बसवला आणि बहिरू न्हाव्याच्या वस्तऱ्यानं गाजरासकट कापला. चाळीस काप वाया! एकेचाळिसावा कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तो काचेवर ठेवून जांभळा रंग दिला — कापाला कमी, धोतराला जास्त. घरी बायको सकाळपासून बोलत नाही.

२१ जानेवारी
दिसलं! बारीक धाग्यांचा गोल गुंता, कडेनं झेंडूसारख्या पाकळ्या. पुस्तकातल्या चित्रात होती तीच बुरशी — गुरांच्या जबड्याला होते ती! पिवळा दाणा दोन काचांत चिरडून पाहिला. त्यातही तेच धागे.
चारदा पाहिलं. मग भीती वाटली. मी चुकलो तर? माझ्या हौसेपायी बाई जायची. काचा पुण्याला पाठवल्या.

३ फेब्रुवारी
साहेबांचं पत्र. एकच ओळ — "बुरशीच आहे, कापू नये, पोटॅश आयोडाइड द्यावे." शाबास वगैरे काही नाही!
तिला सांगितलं. "बुरशी? म्हंजे मी काय लोनचं हाय?" म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. मी उगाच खिडकी पुसत राहिलो.

२८ मार्च
गाठ सुपारीएवढी उरलीय. बाई पुन्हा मंचर, कळंब, आळे — सगळे बाजार करते आणि बांगड्यांबरोबर माझी कीर्ती विकते. "आमचा डाक्टर गाजर कापून रोग सांगतो!" आज दोन पेशंट आपापलं गाजर घेऊन आले.

५ एप्रिल
ती धाकट्या भावाला, गफूरला, घेऊन आली. तशीच गाठ, त्याच जागी. "माझंच औषद द्या याला. काच कशाला बगायची?" तरी तुकडा घेतला. गफूर म्हणाला, "बहिनीची नक्कल केली, दुसरं काय!"

९ एप्रिल
गफूरची काच पाहिली. दाणे नाहीत. धागे नाहीत. नुसत्या काळ्याजांभळ्या पेशी, एकीवर एक, या कडेपासून त्या कडेपर्यंत — पुस्तकात कर्करोगाच्या पानावर आहेत तशाच. तीनदा काप बदलला.
बाहेर व्हरांड्यात बहीणभाऊ हसताहेत. आता उठायला हवं.