सपनानं दोनदा सांगितलं

बेला, ८ जानेवारी २०२५

सौ. सरोजिनी आत्यास,
रंजीताचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. मला हॉस्टेलातून घरी आणलं ते तुला कळलंच असेल. काऊन आणलं ते बाबा सांगणार नाहीत.

मला फिट येतात हे हॉस्टेलात एकट्या सपनाला ठाऊक होतं. आमी दोघी एकाच गल्लीत वाढलो. फिट आली की ती मला कुशीवर वळवायची, शुद्धीवर येईपर्यंत हलायची नाही. खो-खोच्या संघात एकच जागा उरली आणि नावं आमची दोघींची. तिनं मॅडमला सांगून टाकलं. जागा तिला मिळाली. मग पोरी माझ्याजवळ जेवायला बसेनात. एकीनं हसत विचारलं, चप्पल हुंगवू काय म्हणे. सपना तिथंच होती. खाली मान घालून जेवत राहिली.

फिटचं एवढं दुःख नाही आत्या, त्याला गोळी आहे. याला काय आहे?

तुझी माया आटू देऊ नको.
तुझी भाची रंजीता

निर्मल, १९ जानेवारी

चि. रंजीतास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखं, पण एका दमात वाचलं आणि जीव कळवळला. सपनाचं नाव टाक आता.

तुझ्या बाबाचा फोन होता. वणीकडची सोयरीक आली आहे. मुलगा प्रवीण कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, स्वभावानं गरीब. फिटचं लग्नानंतर सांगू, असं तुझा बाबा म्हणतो. मला पटलं नाही, पण भावापुढं मी बोलले नाही. तूही मोडता घालू नकोस. घर चांगलं मिळालं की सगळं सावरतं, पोरी.

वाकडा शब्द गेला असेल तर आत्याचा म्हणून गिळून टाक.
तुझी आत्या

बेला, ११ फेब्रुवारी

आत्यास सा. न. वि. वि.

मोडता घालू नको म्हणालीस, नाही घातला. मायनं माझ्या गोळ्या बंद केल्या. पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको, तोवर देव राखीन म्हणे. मी न्हाणीत पडले. कपाळाला टाके आले. पाय घसरला असं सगळ्यांना सांगितलं.

सपनाची आई कौशल्याबाई मला पाहायला आली, तिच्याजवळ माय गोळ्यांचं बोलून गेली. साक्षगंधाच्या दिवशी सपना मांडवात आली. कोणी बोलावलं नव्हतं. प्रवीणच्या आईसमोर उभी राहून म्हणाली, हिला फिट येतात, गोळी चालू असली तर वर्षवर्ष येत नाही, यायनं गोळी बंद केली, पोरगी मरून जाईन. बाबांनी तिला ढकलत बाहेर नेलं. बाया म्हणाल्या, एकदा नाव खराब करून पोट भरलं नाही काय हिचं. पाहुणे चहा न घेता उठले.

संध्याकाळी मायनं माझ्याकडं न पाहता गोळी हातावर ठेवली.

फिटचं लपवणार हे तुलाही ठाऊक होतं, आत्या. रागावशील तर रागाचं पत्र पाठव, पण पाठव.
रंजीता

निर्मल, १७ फेब्रुवारी

चि. रंजू,

राग कुठल्या तोंडानं करू? जे सख्ख्या आत्यानं बोलायचं ते त्या पोरीनं बोलून धक्के खाल्ले. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येते. तुझ्या बाबाशी मी बोलेन, यावेळी नीट. तू माझ्याकडं राहून इथल्या कॉलेजात शिकायचं. त्याआधी सपनाला भेट.

येईपर्यंत गोळी चुकवू नकोस, हाच माझा आशीर्वाद समज.
आत्या

बेला, २१ फेब्रुवारी

आत्यास सा. न.

सपनाकडं गेले होते. ती गावात नाही. तिच्या बापानं कॉलेज सोडवून तिला हिंगणघाटला मामाकडं पाठवलं. सूतगिरणीत जाते म्हणे. खो-खोचा संघ तिनं मी घरी आले त्याच आठवड्यात सोडला होता. हे मला कोणी सांगितलं नाही.

कौशल्याबाई दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. नळावर बाया होत्या. मी मोठ्यानं सांगितलं की फिट मला येतात, आणि सपना आली नसती तर मी वाचली नसती. कौशल्याबाई घरात गेली, मला वाटलं दार लावते. तिनं मामाचा पत्ता आणून दिला. माझी पोरगी आता मलेच बोलत नाही म्हणाली, आणि रडली.

तुला पत्र लिहायच्या आधी सपनाला लिहायला बसले होते. मायना जमेना. प्रिय लिहिलं, खोडलं. मैत्रीण लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं सपना लिहिलं, आणि खाली, तू कशी आहेस. पुढं काही सुचलं नाही. तेवढंच पाकिटात घालून पेटीत टाकून आले.

तू ये. मी वाट पाहून राह्यली.
रंजीता