खुंटीवरचा दोर

सातारा,
५ फेब्रुवारी १९७३

चि. लालासाहेबास अनेक आशीर्वाद.

पलटणीतून घरी येऊन तुला चार महिने झाले, पण तुझ्या हातचे एक कार्ड नाही. अंजनाच लिहिते. तू गोठ्याकडे फिरकत नाहीस म्हणे, आणि दाराजवळच्या खुंटीवर कसलासा तुटका, कळकट दोर टांगला आहेस. काढू का विचारले, की बायकोवर डोळे वटारतोस. घर आहे ते, तबेला नव्हे.

आता कामाचे. शाळेच्या प्रदर्शनात एक जुने छापील चित्र मांडते आहे. फोटो सोबत आहे. हत्ती, उंट, बैल, खेचरे, वर निशाणे. फौज मोहिमेवर निघाली आहे. खालची माहिती मीच लिहिली. सर्वांत मागे रेंगाळणाऱ्याला 'कामचुकार नोकर' म्हटले आहे. तू फौजेत वीस वर्षे खेचरे सांभाळलीस, तेव्हा जनावरांबद्दल चूक असेल तर कळव. उत्तर आले नाही तर मी आष्ट्याला मुक्कामाला येईन, आणि ते तुला सोसणार नाही.

तुझी अक्का,
शालू

आष्टा,
ता. १२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझ्या मुक्कामाच्या भीतीनं लिहितोय. अक्का, तुझी फौज निघालेली न्हाई, परत येतीया. बैलांवरची पोती चपटी हायत, खेचरांची खोगिरं रिकामी, पोटापर्यंत चिखल. एवढी शिकलीस आणि हे दिसलं न्हाई व्हय?

आता त्यो शेवटचा माणूस. मूळ चित्राला भिंग लाव. त्याच्या हातात दोर हाय, पुढं जनावर न्हाई.

माझी चंपा, माझं खेचर, बर्फाच्या वाटेवर कड्यावरनं घसरली. नऊ वर्षं माझ्याच हातचे हरभरे खायची. लय ओढून धरली. दोर तुटला, अर्धा माझ्याकडं राहिला. पलटणीच्या तळापर्यंत तसाच धरून चालत आलो. कुणी विचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई. अंजनालासुद्धा.

त्यो कामचुकार न्हाई, अक्का. तेवढं बदल.

तुझा,
लाला

सातारा,
ता. १६

चि. लालास आशीर्वाद.

भिंग लावले. दोर आहे. तीस वर्षे हे चित्र मुलींना शिकवले, आणि तो माणूस कधी पाहिला नाही.

चित्राखालचे जुने कार्ड फाडले. आता लिहिले आहे: 'मोहिमेवरून परतणारी फौज. शेवटचा माणूस आपले जनावर गमावून आला आहे.' बरोबर आहे का, ते चोवीस तारखेला प्रदर्शनाला येऊन सांग. मुलींना चित्र तूच समजावून दे. मला ते अर्धेच येते. अंजनाला आण. निघण्याआधी तिला चंपाची हकीकत सांग. माझ्याकडून कळली तर तिला वाईट वाटेल, आणि ते रास्त असेल.

लोभ आहेच. आला नाहीस तर कमी करीन.

तुझी अक्का,
शालू

ता. क. अंजनाला निराळे कार्ड टाकले आहे: भिंत झाड, जळमटे काढ, दोर आहे तिथेच राहू दे.