इन्स्पेक्टर आणि चार कड्या

मंगळवार, ४ मार्च

शेळीनं आज माझी दुसरी कडी उघडली. पंधरा वर्षं लोखंडी दारं-खिडक्या बनवतेय मी, एवढा अपमान कुणी केला नव्हता!

शेळी शेजारच्या मावशींची. सगळ्यांच्या घरात शिरून पाहणी करते, म्हणून नाव इन्स्पेक्टर. मावशींच्या भाजीच्या वाफ्याला मी फाटक करून दिलंय. "कडी केलीस की खेळणं?" – मावशी.

बुधवार, ५ मार्च

तिसरी कडी बसवली. जड, वर उचलल्याशिवाय न सुटणारी. चहा घेऊन पायरीवर बसले.

इन्स्पेक्टरनं आधी दात लावले. मग जीभ. मग शिंग. मग पाठ फिरवून बूड टेकवलं. दर वेळी फसली, पण लाजली म्हणून नाही. शेवटी कपाळ कडीखाली सारलं आणि उचललं. गेला कोबी. मावशींनी कपाळाला हात लावला. मी पोट धरून हसत होते.

गुरुवार, ६ मार्च

वेल्डिंग करताना तेच डोक्यात. बाबांच्या खोलीच्या दाराला मी चार महिन्यांत तीन मुठी बदलल्या – जाड, लांब, रबरी. एकही चालली नाही. संधिवातानं त्यांची बोटं मिटतच नाहीत, लावलेलं दार त्यांना उघडता येत नाही, म्हणून ते कायम सताड उघडं. आणि मी मुठी करत होते त्या बोटांसाठीच!

शेळीला हात नाहीत, पण ती हात शोधत बसत नाही. आहे ते लावून बघते.

संध्याकाळी विचारलं, "बाबा, तुमचं काय काय नीट चालतं?"

"तोंड," म्हणाले. मग हात हलवून बघत, "कोपरं. खांदे. काय चालत नाही तेवढंच विचारतात गं सगळे."

शनिवार, ८ मार्च

कोपरानं उचलायची कडी, दाराच्या दोन्ही बाजूंना. आधी अडकली. कानशीनं घासली – सुटली! बाबांनी अकरा वेळा उघडली.

"कुणाकडून शिकलीस?"

"शेळीकडून."

"तरीच. तुझ्या डोक्यातून निघणारी वाटत नव्हती."

उद्या बाबा एकटे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत फिरून येणार, बघच.

रविवार, ९ मार्च

बाबा कुठेच गेले नाहीत. खोलीचं दार मात्र बंद – चार महिन्यांत पहिल्यांदा. मी ढकलणार, तोच आतून आवाज आला, "बाळ, आता टकटक करून येत जा."