तीन मॅचेस पक्क्या

मुलुंड (पूर्व),
६ ऑक्टोबर १९८५

प्रिय कुंदा,

तुझं कार्ड जूनमध्येच मिळालं. अक्षर तुझ्या भावाचं, लवूचं, पण शब्द तुझेच. 'उजवा हात गेला. कॅरम संपला. पुन्हा विचारू नये.' असं कोणी मैत्रिणीला लिहितं का गं? आमच्या सोसायटीची पाणी बंद असल्याची नोटीससुद्धा याहून प्रेमळ असते. मी त्याच दिवशी चार पानी भांडण लिहायला बसले होते, पण अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाशी भांडू नये असं विद्याधर म्हणाला. नवऱ्याचं क्वचित ऐकावं, म्हणून ऐकलं. इतके महिने तोंड मिटून बसणं मला किती जड गेलं असेल, ते तुलाच कळेल.

आजही विचारायला लिहीत नाहीये. बातमी द्यायला लिहितेय. राष्ट्रीय कॅरम स्पर्धा यंदा आपल्या मुलुंडला आहे! दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा हॉल मिळालाय, बाहेरच्या राज्यांतल्या मुली वर्गांत राहणार, आणि बाकं एकावर एक चढवून ठेवायचं काम आपल्या क्लबातल्या सहदेवकडे आहे. तुझ्या गावचा म्हणून तू त्याला नेहमी पाठीशी घालायचीस, पण अजूनही काम कमी आणि बडबड जास्त. महिलांची स्पर्धा कशी घ्यायची ते ठरवणाऱ्या समितीवर मला घातलंय. बँकेतली बाई आहे, मिटिंगचं टिपण नीट लिहील, असा त्यांचा हिशेब. मी टिपण लिहिलं नाही. भांडत बसले.

भांडण एकाच गोष्टीवरून. आपले अध्यक्ष अण्णा म्हणाले, सरळ बाद पद्धत घ्या. हरली ती घरी गेली. बोर्ड कमी, पंच कमी, उगाच पसारा नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, अण्णा, घरी कशी जाईल? आसामच्या मुलीचं परतीचं रिझर्व्हेशन शेवटच्या दिवसाचं आहे. पहिल्या सकाळी अर्ध्या तासात हरली, तर उरलेले दिवस तिनं वर्गातला फळा बघत बसायचं का? जेवायला तर आपणच घालणार आहोत, मग खेळायलाही द्या की. चार-चारजणींचे गट करा, गटात प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं. म्हणजे कुठूनही आली तरी तीन मॅचेस पक्क्या. गटात पहिली येईल तिनं पुढे बाद फेरीत जायचं.

हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर पाटणा होतं, कुंदा. लग्नानंतर मी पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडले होते. सासूबाई आठवडाभर म्हणत होत्या, सोंगट्या ढकलायला एवढ्या लांब जायचं कशाला. आणि मी गेले ती मद्रासच्या एका शाळकरी मुलीकडून दोन सरळ गेममध्ये हरले. चहा गार व्हायच्या आत नॅशनल संपली माझी. धर्मशाळेत भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुन्हा स्ट्रायकरला हात लावायचा नाही हे ठरवून झालं होतं, घरी काय थाप मारायची तेवढंच बाकी होतं. तेवढ्यात तू आलीस. कुठून तरी मागून आणलेला बोर्ड दाणकन माझ्या उशाशी आपटलास आणि म्हणालीस, "ऊठ गो. बाद झालंस, मेलंस नाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी, तुझ्या मॅचेस आटोपल्या की, धर्मशाळेच्या ओसरीवर तुझी हरलेल्यांची स्पर्धा चालायची. ओरिसाच्या त्या दोघी, नागपूरची रत्नप्रभा, मी. भाषा एकमेकींना कळत नव्हती, पण क्वीन कव्हर झाली नाही की सगळ्या एकदम हळहळायच्या. तू प्रत्येकीशी खेळायचीस, आणि मधेच हात थांबवून माझा अंगठा वळवून दाखवायचीस. सेमीफायनलला तुझा खांदा भरून आला, आणि तू हरलीस. आपल्याच लोकांनी तुला बोल लावला की संध्याकाळी विश्रांती घ्यायची सोडून कसली धर्मादाय खानावळ उघडली होतीस. तू हसलीस नुसती. औषधांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून पॅकिंग करायचं आणि तिथून थेट घाटकोपरच्या क्लबात यायचं, अशा त्या हातांना नॅशनलचा कप मिळाला नाही तो नाहीच. मी मात्र त्या ओसरीमुळे आजपर्यंत खेळतेय. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत, कारण तू ते उडवून लावले असतेस. आता लांब आहेस, उडवून लावता येणार नाही. म्हणून मानते. मनापासून मानते, कुंदा.

तर समिती. एवढ्या मॅचेस बसवायच्या कुठे, तिथे घोडं पेंड खात होतं. मी म्हटलं, गटात एकच गेम ठेवा, तीन गेम बाद फेरीपासून. अण्णा उसळले, एका गेममध्ये नशीब चालतं! मी म्हटलं, चालू दे की, एरवी बिचाऱ्याला कुठे चालायला मिळतं. मग पंचांचा प्रश्न आला. त्यावर आपल्या क्लबातली जुनी रीत सांगितली. बोर्डावर जी हरेल, तिनं पुढच्या मॅचला पंच म्हणून बसायचं. दर मिटिंगला मी तेच तेच बोलत राहिले. शेवटी परवा अण्णा म्हणाले, "बाई, आसामच्या मुलींचा एवढा कळवळा तुम्हाला, तुमचं माहेर तिकडचं का?" सगळे हसले, आणि हसता हसता ठराव पास झाला. झकास!

आता खरं सांगते. आसामच्या मुलींबद्दल बोलले त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, पण माझं माहेर तिकडचं नाही, कोकणातलं आहे. तू आहेस तिथलं. सहदेव गणपतीला गावी आला होता ना, तो तुमच्याकडे आरतीला येऊन गेला आणि इथे येऊन मला म्हणाला, "कुंदाताय पडवीत डाव्या हातान खेळता. कोण इला की बोर्ड भिंतीक लावन लपयता." स्पर्धेचा विषय त्यानं काढला, तर तू म्हणालीस म्हणे, "एका मॅचीसाठी मुंबैक कित्याक जाव?" ते ऐकून मी त्याच संध्याकाळी अण्णांच्या घरी गेले आणि हे सगळं सुरू केलं. यजमान म्हणून आपल्याला जास्तीच्या जागा मिळाल्या आहेत, त्यातली एक तुझ्या नावावर घातली आहे. विचारलं नाही; तू विचारू नये म्हणाली होतीस. सोडत सगळ्यांसमोर निघेल, आणि माझ्याच गटात आलीस तर दयामाया करणार नाही. तिन्ही हरलीस तर हर, पंच म्हणून बस आणि पोरींना दटाव. पाटण्याला तू बोर्ड घेऊन माझ्या उशाशी आलीस. मला इतक्या लांबून तुझ्या पडवीत बोर्ड आपटता येईना, म्हणून मी स्पर्धाच बदलली. लवूला घेऊन ये. स्टेशनवर मी उभी असेन.

तुझीच, अजून बाद न झालेली,
सुलक्षणा