रोज एक मिलिमीटर

११ जानेवारी
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! परवा दुकानात विजेच्या मोटारीतली जळकी कॉइल उपटताना पत्र्याने उजवं मनगट कापलं. आतला चेतातंतू तुटला. डॉक्टरांनी टाके घालून जोडला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट — टाचणी टोचली तरी ढिम्म. असो. जोड लागलाय, आता करंट सुरू होईल.

१२ जानेवारी
डॉक्टर हसले. "ताई, ही वायर नाही. जोडाच्या पुढचा तंतू मरून जातो. वरून नवा वाढत येतो. महिनाभराने सुरू होईल, मग रोज साधारण एक मिलिमीटर."
घरी येऊन पट्टीने मोजलं. जोडापासून तर्जनीच्या टोकापर्यंत एकशे ऐंशी मिलिमीटर! म्हणजे ऑगस्ट उजाडणार. पुन्हा मोजलं. तेवढंच.

२० जानेवारी
दादा येऊन गेला. दुकान दोघांचं, पण वायंडिंग, म्हणजे मोटारीत तांब्याची वायर गुंडाळून भरणं, माझं. बाबांनी मलाच शिकवलं — डोळे मिट, वायर अंगठा-तर्जनीतून ओढ. इन्सुलेशन खरवडलं असेल तिथे बोट अडखळतं. तसली वायर भरली की मोटार जळालीच समज.
"ऑगस्टपर्यंत थांबतो," दादा म्हणाला. "मग दुसरा वायंडर बघू. तू काउंटर सांभाळ."
काउंटर! माझ्या तोंडाला आठवड्यात सगळी गिऱ्हाइकं पळतील. तो गेल्यावर रडले. बोटं गेली तर मी काय उरते?

३ फेब्रुवारी
लेक सायन्सला आहे. तिला विचारलं, या तंतूत करंट वाहतो तरी कसा?
"वाहत नाही गं आई. पेशीच्या आत आणि बाहेर वेगवेगळे क्षार. आतलं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा सत्तर मिलीव्होल्ट कमी. धक्का बसला की पडद्यातली दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं. त्यामुळे पुढची दारं उघडतात. मग त्याच्या पुढची."
"आणि मागची?"
"ती मिटतात. पोटॅशियम बाहेर पडतं, सगळं पहिल्यासारखं."
म्हणजे सिग्नल दर टप्प्यावर नव्याने तयार होतो! आमच्या लांब केबलला शेवटी व्होल्टेज पडतं. इथे डोक्यापर्यंत जाऊनही कमी होत नाही. मिठाच्या पाण्यावर चालतं हे सगळं, आणि मी जन्मभर तांबं कुरवाळत बसले.

४ फेब्रुवारी
अजून एक! तंतूलाही इन्सुलेशन असतं, चरबीचं. पण मधे मधे मुद्दाम फटी! सिग्नल फटीवरून फटीवर उड्या मारत जातो, म्हणून जलद. मी अशी वायर भरली असती तर बाबांनी कान उपटले असते.
वेग सेकंदाला पन्नासेक मीटर. "तांब्यापुढे गोगलगाय," मी म्हटलं.
"तुझी तर अजून मनगटातच बसलीय," लेक म्हणाली. कार्टी!

१९ एप्रिल
डॉक्टर मनगटापासून टिचक्या मारत येतात. झिणझिणी उठते तिथवर नवा तंतू पोचला. दर रविवारी मीही मारते आणि पेनाने खूण करते. आज खूण तळव्याच्या मध्यावर. आता उजव्या हाताने लिहितेय, पेन धरलंय की नाही ते बघून घ्यावं लागतं.

३१ मे
खूण हललीच नाही. पुन्हा पुन्हा टिचक्या मारल्या. तिथेच.

७ जून
हलली! तर्जनीच्या बुडाशी. डॉक्टरांनी मात्र आधीच बजावलं, "वाढताना काही तंतू वाट चुकतात. शेजारच्या बोटात जातात."
"म्हणजे जोडणीत टोकांची अदलाबदल? आमची मोटार मग उलटी फिरते."
"मेंदू शिकतो हळूहळू. रोज सराव करायचा."

२८ जुलै
दादाने वायंडर ठरवला. दहा तारखेला येणार. बोटाच्या टोकाला अजून काही कळत नाही.

५ ऑगस्ट
दुकानात वायरचं नवं बंडल आलं होतं. डोळे मिटले, वायर अंगठा-तर्जनीतून ओढली. अडखळली! डोळे उघडून पाहिलं — ओरखडा, अगदी तर्जनीखाली. पण टोचलं होतं मधल्या बोटात, जे वायरला लागलंही नव्हतं.
दादाला म्हटलं, "बंडल परत कर. आणि त्या वायंडरला कळव, येऊ नकोस."
कुठल्या बोटात कळलं, ते सांगितलं नाही.