मुक्या चित्रपटाला मिळालेला वन्स मोअर

दिवेआगर,
रविवार, ८ फेब्रुवारी

ती. भाऊ यांस,

यशोधनचा वाकून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण डावा गुडघा अजून पुरता वाकत नाही, आणि जे करता येत नाही ते कागदावरही करू नये असं माझं मत आहे.) अंबिकावहिनींची पाठ कशी आहे? पेणची थंडी सरली का? तुमच्या पेटीच्या क्लासातली मंडळी एकदाची सुरात आली असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक. सुपारी बरी धरली आहे आणि वादळानंतर लावलेले माड आता माझ्या डोक्यावर गेले.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच हसता. दिवाळीत मी माझा बेत सांगितला तेव्हा तुम्ही म्हणालात, "यशोधनराव, मुक्या बाईला गायला लावण्यापेक्षा सुपारी सोला." मी फोन ठेवला. (ठेवला, आपटला नाही. तुमची बहीण अनुया वेगळं सांगेल.) त्यानंतर आपलं बोलणं नाही, म्हणून घडलं ते क्रमानेच सांगतो.

ऑपेरा म्हणजे परदेशातलं संगीत नाटक. फरक इतकाच की तिथे माणूस मरतानाही गातो, त्यामुळे मरायला वेळ लागतो. शंभर वर्षांपूर्वी, पडद्याला आवाज फुटायच्या आधी, तिकडच्या लोकांनी या ऑपेरांचे चित्रपट काढले. गाण्याचं नाटक, आणि गाणं ऐकू येत नाही. तुम्ही हसलात ते यालाच. पण त्या काळी पडद्यासमोर वादक बसत, कुठे कुठे गाणारेही बसत, आणि नटीने तोंड उघडलं की खालून सूर निघे. हे मला कोणी शिकवलेलं नाही. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं ते तुम्हाला माहीतच आहे (लग्नाच्या बैठकीत तुम्हीच ते विचारलं होतं). सगळं आपल्या वाचनालयात आणि मोबाइलवर बसून मिळवलेलं ज्ञान आहे.

चित्रपट निवडला तो असा: बंदरावर शिवणकाम करणारी एक मुलगी खिडकीत बसून खलाशाची वाट बघते, खलाशी परत येतो आणि दुसरीशीच लग्न लावतो, ही विष घेते. इथे कोणाला न समजण्यासारखं त्यात काही नाही. मी तो एकतीस वेळा पाहिला. आधी वेग दुरुस्त केला, कारण जुनी फीत आजच्या वेगाने लावली की नायिका एस.टी. चुकल्यासारखी पळते. मग पदं लिहिली, तीही ओठ बघून. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. तेव्हा ती जिथे ओठ मिटते तिथे माझ्या ओळीत यातलंच अक्षर हवं. एका जागी 'सागरा' बसेना, तिथे 'महासागरा' केला. तो 'म' शोधायला मला चार दिवस लागले. प्रत्येक पदाची वेळ सेकंदांत काढली आणि तक्ता भिंतीवर लावला.

पेटीला भजनी मंडळातला दादू आणि गायला रंगू ठरली. पण तीन दिवस आधी रंगू लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली. मी तक्त्यासमोर डोकं धरून बसलो असताना स्वयंपाकघरातून अनुया म्हणाली, "मी म्हणते. एकतीस वेळा हीच गुणगुण ऐकलीय, आता विसरायचं म्हटलं तरी जमणार नाही." भाऊ, तिची पेटी वादळात पाण्यात गेली, तेव्हापासून तिने घरात आरतीसुद्धा नुसती टाळ्या वाजवून केली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी घाईघाईने 'हो' म्हटलं आणि तिचं मन बदलायच्या आत तिथून उठलो.

प्रयोग वाचनालयाच्या सभागृहात, दुपारी चार वाजता. अंधारासाठी खिडक्यांना वादळानंतर वाटलेल्या निळ्या ताडपत्र्या लावल्या (गावात प्रत्येक घरी एक आहेच). चित्र चालवायला आमचा वायरमन बाळाजी. त्याच्या लॅपटॉपवर मी सूचना चिकटवली: 'काहीही झालं तरी चित्र थांबवू नये.' बाळाजीने खाली सहीसुद्धा केली. दादू आणि अनुया पडद्यालगत बसले, आणि मी नजर ठेवायला शेवटच्या रांगेत, उजवीकडच्या पंख्याखाली उभा राहिलो.

खिडकीचं पद आलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. काय गायली ते मी लिहीत नाही, तुम्ही तिला शिकवलंय. 'महासागरा'ला पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले आणि अनुयाचा 'म' त्याच क्षणी लागला. तेवढ्यात मागून कोणीतरी 'वन्स मोअर' दिला.

आता आपल्याकडे संगीत नाटकात वन्स मोअर आला की पद पुन्हा घ्यायचं, हा रिवाज. दादूच्या तीन पिढ्या नाटकाच्या पेटीवर गेल्या. त्याने मान लववली आणि पहिल्यापासून सुरू केलं. बाळाजी माझ्याकडे बघत होता आणि सूचनेकडे बघत होता. त्याने चित्र थांबवलं नाही. दुसरा वन्स मोअर तर अख्ख्या सभागृहाने दिला. तिसऱ्यांदा अनुया 'परत ये' म्हणत होती तेव्हा पडद्यावर तो परत येऊन, भांडून, मुंडावळ्यांसारखं काहीतरी बांधून दुसरीबरोबर उभासुद्धा होता.

तिथून पुढे सगळं सात मिनिटं वीस सेकंद मागे. जाड मिशांच्या बापाने तोंड उघडलं तर त्यातून मुलीचा आवाज आला. विषाची बाटली उघडली तेव्हा दादू लग्नाचं पद वाजवत होता आणि लोक ठेक्यावर टाळ्या देत होते. नायिका मेली, पडदा पांढरा झाला, तरी मरणाचं पद शिल्लकच. एकही माणूस उठला नाही. पांढऱ्या पडद्याकडे बघत सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर पडताना कोळीवाड्यातल्या आवडाबाई मला म्हणाल्या, "बाय मेली तरी गानं संपलं न्हाय. मरावं तर असं." वाचनालयाचे अध्यक्ष गणराज मात्र म्हणाले, "पुढच्या खेपेला बोलका पिक्चर लावा."

मी लावणार नाही. होळीनंतरच्या रविवारी, ८ मार्चला, हाच चित्रपट, याच सभागृहात, एका सेकंदाची चूक न होता मी पुन्हा करणार आहे. सभागृह मागितलं आहे, मिळेल. प्रेक्षकांच्या बेशिस्तीची चौकशीही केली. पहिला आवाज शेवटच्या रांगेतून, उजव्या बाजूने, पंख्याखालून आला, इतकं नक्की झालं आहे.

वहिनींना नमस्कार. पाठीला शेक द्यायला सांगा, पण वाळूचा, पाण्याचा नको.

आपला,
यशोधन

ता. क. अनुया पुन्हा गायला तयार नाही. दादूबरोबर ताल धरताना जीव दमतो म्हणते. पेटीवर भाऊ असेल तरच बसेन, असं तिने काल पापड लाटता लाटता सांगितलं, माझ्याकडे न बघता. तेव्हा पेटी घेऊन दोन दिवस आधी या. हसायचं असेल तर इथे येऊन हसा.

ता. क. २. पंख्याखाली मी एकटाच उभा होतो.

ता. क. ३. खिडकीचा तो प्रसंग बाळाजीकडून चित्रात तीन वेळा जोडून घेतला आहे. मूळ कृतीत असा फेरफार मला अजिबात मान्य नाही. पण मी स्वतःला ओळखतो.