उतारावरची गाडी

दि. ३ फेब्रुवारी

चि. खारूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू खुशाली कळवत नाहीस, तेव्हा तूही बराच असशील असं धरून चालले आहे.

मुख्य बातमी आधी सांगते. बाबांनी मोटरसायकल विकायला काढली आहे. मी नाही, त्यांनीच. गेल्या महिन्यात ते समोरच्या घराच्या फाटकावर जाऊन आदळले आणि फाटकच पुढे आलं होतं असं तिथल्या काकूंना पटवत बसले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की समोरचं नीट दिसतंय, पण दोन्ही बाजूंचं जवळजवळ गेलंय, गाडी बंद. बाबा तिथून उठले. घरी आले, गाडी पुसली आणि मला कागद घेऊन बसायला सांगितलं.

जाहिरात मी लिहिली. शेवटची ओळ मात्र त्यांची: गाडी आहे तशीच चालवणाऱ्यालाच मिळेल. आता आहे तशी म्हणजे कशी, हे येणाऱ्या प्रत्येकाला समजावून माझं तोंड दुखलं. कारखान्यात बाबांच्या उजव्या घोट्यावर लोखंडी बार पडला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी, तो पडेना म्हणून बाबांनी लेथवर दांडा कातून टाकीशेजारी हाताचा गिअर बसवला. ब्रेक डाव्या पायाशी होताच, त्यामुळे उजव्या पायाला कामच उरलं नाही. किक मारली की घोट्यात कळ यायची, म्हणून गाडी उतारावरून ढकलून चालू करायची. बाकीची माणसं पाणी आणि उजेड बघून घर घेतात, आम्ही उतार बघून घेतलं, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

आतापर्यंत दोघं आले. पहिल्याला जुन्या गाड्या जमवायचा नाद. तो म्हणाला, हे दांड्याबिंड्याचं काढून टाकतो आणि कंपनीतून आली तशी करतो. बाबांनी त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याला ती आपल्या हॉटेलात काउंटरशेजारी उभी करायची होती. बाबांनी विचारलं, टाकीत पेट्रोल असेल का? तो हसला. त्याला चहाही मिळाला नाही.

मला वाटतं त्यांना विकायचीच नाहीये. तू काहीतरी लिही. तुझं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं तरी करतात. तुझी माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
ताई

*

दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. इकडे काम फार आहे, हे मी दर पत्रात लिहितो आणि तू दर पत्रात त्यावरून मला टोचतेस, म्हणून या वेळी लिहीत नाही.

गाडी विकू नका. व्हरांड्यात उभी आहे, कुणाचं काय खाते? वरून ताडपत्री टाका. मी त्या टाकीवर बसून मोठा झालो. बाबा गिअर बदलायचे तेव्हा दांड्याच्या टोकाची ती पांढरी गोटी माझ्या गुडघ्याला लागायची, आणि मी मुद्दाम गुडघा पुढे करायचो.

तू म्हणशील, तीन वर्षांत एकदाही आला नाहीस आणि आता ताडपत्रीचे सल्ले देतोस. म्हण. आई गेल्यावर तिकडून निघालो तेव्हा एकदा मागे वळून पाहिलं होतं. तू दारात होतीस, बाबा गाडीपाशी. मला ते चित्र तसंच राहायला हवंय. पुढच्या वेळी त्यातलं आणखी काही कमी झालेलं दिसेल, म्हणून तिकीट काढत नाही. झालं, लिहून टाकलं. यावर उत्तर देऊ नकोस.

अगदी विकायचीच असेल, तर निदान पंधरा दिवस थांब. बाबांना शि. सा. न.

तुझा,
खारू

*

दि. २ मार्च

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. नको म्हणालास म्हणून त्या गोष्टीवर उत्तर देत नाही. तुझं पत्र मात्र दोनदा वाचलं.

परवा जवळजवळ जमलं होतं. एक चष्मेवाले गृहस्थ आले, तुझ्याच वयाचे. इतकं शहाणं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. काही विचारलं नाही, घासाघीस नाही, आहे तशीच ठेवीन म्हणाले. सगळे आल्याबरोबर किक मारतात; यांनी किककडे बघितलंही नाही. गाडी सरळ उताराच्या तोंडाशी नेली, डावा पाय टेकवून ढकलली, हात आपोआप गोटीवर गेला. कोपऱ्यापर्यंत जाऊन सुखरूप परत आले. मी आत गाडीचं नोंदणीपुस्तक शोधायला गेले, बाहेर येते तो बाबांनी त्यांना वाटेला लावलेलं!

मी चिडले. म्हटलं, याहून वेगळा माणूस कुठून आणायचा? तर म्हणाले, माणूस चांगला होता, पण तो गाडी घ्यायला आला नव्हता. आणि मग मलाच विचारतात, खारूचा तो शाळेतला दोस्त हल्ली काय करतो? म्हटलं विषय बदलू नका. त्यावर गालातल्या गालात हसले. म्हातारपणी माणसं कशी वागतील याचा नेम नाही.

काल एक चित्रकलेच्या बाई आल्या होत्या. उजवा पाय लहानपणापासून गुडघ्यात वाकत नाही. त्या चालवू लागल्या आणि दुसऱ्याच मिनिटाला गाडीसकट काकूंच्या त्याच फाटकावर. लागलं नाही कुणाला. काकू आता फाटक आत सरकवून घेणार आहेत. बाईंना मी निरोप देणार होते, तर बाबांनी उद्या पुन्हा यायला सांगितलं.

बाबा तुला स्वतः लिहिणार आहेत. पाकीट मला चिकटवू दिलं नाही. तब्येतीला जप, आणि जपतोस हे कळवत जा.

तुझी,
ताई

*

दि. ११ मार्च

चि. खारूस,

अ. उ. आ. अक्षर मोठं काढतो आहे, ओळी तिरक्या जातील. सांभाळून घे.

तुझा दोस्त आला होता. चष्म्यामुळे आधी ओळखला नाही. पण ही गाडी पहिल्यांदा बघणारा किक मारतोच. किकला हात न लावता उताराकडे जाणारी माणसं जगात चारच. एक तुझी आई, ती गेली. उरलो आपण तिघं. तो पडू नये म्हणून तू त्याला नीट शिकवून पाठवलंस आणि तिथेच फसलास. ताईला अजून कळलेलं नाही, तू सांगू नकोस, माझ्यावरच रागावू दे.

तुला गाडी हवी होती तर मागायची होतीस. मी दिली नसती, पण मागायची होतीस. तू तिच्यावर ताडपत्री टाकली असतीस. मी ती पायाचं दुखणं झाकायला केली नव्हती, कामावर जायला केली होती. तिला चालवणारा पाहिजे.

चित्रकलेच्या बाईंना दिली. आठ संध्याकाळी शिकवलं. मी पायरीवर बसायचो; समोरचं दिसतं, आणि उतार समोरच आहे. पाचव्या दिवशी त्यांच्याकडून गिअर न बघता पडला. त्यांचं घर सपाटीवर, म्हणून आधी हो म्हणालो नव्हतो. स्वतः जाऊन पाहिलं. मागच्या अंगाला पाण्याच्या टाकीकडचा उतार आहे, आपल्यापेक्षा बरा. मग व्यवहार केला.

पांढरी गोटी तू मागशील, म्हणून आधीच लिहितो. बाई म्हणाल्या काढून घ्या. मी नको म्हटलं. लोखंडी दांडा थंडीत तळहाताला चावायचा, म्हणून पहिल्याच संध्याकाळी तुझ्या आईने आपल्या कपाटाच्या मधल्या खणाची मूठ पेचकसाने काढून माझ्या हातात दिली. ती मूठ म्हणजे ती गोटी. तिने ती चालवायला दिली होती, तेव्हा ती गाडीवरच राहील. खणाला तिने सुतळी ओवली आणि बत्तीस वर्षं सुतळीने ओढला.

ती सुतळी आता तुटायला आली आहे. त्या बारीक भोकातून नवी ओवणं मला जमत नाही. ताईला जमेल, पण तिला सांगितलेलं नाही. हे काम तुझं. गाडीच्या जागी आता रिकामी जागा आहे. ती बघावी लागेल, त्याला इलाज नाही. मी रोज बघतो. होते सवय.

तुझा,
बाबा

*

दि. २४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितो. येत्या आठ तारखेची गाडी धरतोय, नऊला सकाळी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, तुझं दुकान नेहमीच्या वेळी उघड.

एक काम कर. आईच्या कपाटाच्या मधल्या खणाला जे भोक आहे, त्यात काडी घालून बघ आणि किती जाड सुतळी जाईल ते कळव. का, ते विचारू नकोस. बाबांना विचारलंस तर तेही सांगणार नाहीत. ते चष्मेवाले गृहस्थ म्हणजे माझा शाळेतला दोस्त, मीच पाठवला होता; बाबा सांगू नकोस म्हणाले, तरी भेटल्यावर माझे कान धर.

आणि त्या बाई एखाद्या संध्याकाळी मला मागे बसवून नेतील का, विचारून ठेव. मी ढकलून देईन.

तुझा,
खारू